पाच दिवसांचा ताप आणि एक जपून ठेवलेली फाइल

मुलांनो,

तुमच्यापैकी ज्याला आजवर कधीच ताप आला नाही त्यानं हात वर करावा, असं मी म्हटलं तर एकही हात वर होणार नाही. ताप सगळ्यांनाच येतो. आई कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवते, मऊ भात करून घालते, दोन-तीन दिवस शाळा बुडते. (काहींना त्याचा आनंदच होतो, हे मला चांगलं ठाऊक आहे!) मग ताप उतरतो आणि आपण तो विसरून जातो. बहुतेक ताप विसरून जाण्यासारखेच असतात.

पण एक ताप असा आहे, की तो येऊन गेला ही गोष्ट मोठेपणीसुद्धा विसरायची नसते. आज मी तुम्हांला त्या तापाविषयी सांगणार आहे. आई-बाबांनीही हे वाचलं तर फार बरं होईल.

मी राजूरला पहिली-दुसरीच्या मुलांना शिकवते. राजूर म्हणजे जालना जिल्ह्यातल्या भोकरदन तालुक्यातलं गणपतीचं गाव. साडेतीन गणेशपीठांत आमच्या राजुरेश्वराचं नाव घेतात. अंगारकी चतुर्थीला जालन्याकडून रात्रभर माणसं पायी चालत येतात. त्या दिवशी गावात पाय ठेवायला जागा नसते. एरवी गाव शांत. कपाशी, मका, सोयाबीन आणि पाण्याची काळजी, हेच इथलं रोजचं बोलणं.

दोन वर्षांपूर्वी जून महिन्यात शाळा सुरू झाली आणि पहिलीच्या वर्गात एक मुलगा आला. त्याचं खरं नाव मी सांगणार नाही. आपण त्याला बाळू म्हणू. पहिल्याच दिवशी त्याची आई वर्गाच्या दाराशी थांबली. कापडी पिशवीतून तिनं प्लॅस्टिकची एक जाड फाइल काढली आणि म्हणाली, "मॅडम, ह्याला पळू देऊ नका. लेकराच्या हृदयाला झालं होतं. जीव थाऱ्यावर राहत नाही माझा."

मी बाळूकडे पाहिलं. गुटगुटीत, चुणचुणीत पोरगा. कुठून आजारी म्हणावा? पण त्या दिवसापासून बाळू मधल्या सुट्टीत लिंबाच्या पारावर बसू लागला. बाकीची मुलं पकडापकडी खेळायची आणि पळताना अडचण नको म्हणून आपापल्या चपला त्याच्यापाशी ठेवायची. बाळू चपला राखायचा. आठ-दहा दिवसांत मुलांनी त्याचं नावच पाडलं, 'चपलावाला'.

मला ते पाहवेना. एके दिवशी शाळा सुटल्यावर मी बाळूच्या आईला थांबवून घेतलं आणि सगळी हकिकत विचारली.

बाळू साडेतीन वर्षांचा असताना श्रावणात त्याला ताप आला. साधा नव्हे, अंग भाजावं असा. गावातून औषध आणलं. ताप तेवढ्यापुरता उतरे आणि पुन्हा चढे. तिसऱ्या दिवशी अंगावर लालसर पुरळ आलं. आजी म्हणाली, गोवर आहे. तिनं अंथरुणाशी कडुनिंबाचा पाला ठेवला. आजीला नावं ठेवू नका बरं का! तिच्या काळी घरोघर गोवर निघायचा. ताप आणि पुरळ म्हटलं की तिला गोवरच आठवणार.

पण गोवरात नाक वाहतं, खोकला येतो, डोळ्यांतून पाणी गळतं. बाळूचे डोळे लाल झाले होते खरे, पण त्यांना ना पाणी होतं ना चिपडं. ओठ फुटून रक्त येत होतं. जीभ लालभडक, वर बारीक दाणे उठलेले. आणि पाचव्या दिवशी त्याची चप्पल त्याच्या पायात जाईना. पावलं सुजली होती! लेकरू दिवसरात्र किरकिर करीत होतं, कोणाच्या कडेवर थांबत नव्हतं. सुजलेले पाय पाहून त्याचे वडील त्याला घेऊन थेट जालन्याला गेले. तिथल्या बालरोगतज्ज्ञांनी नीट तपासलं आणि त्याच दिवशी छत्रपती संभाजीनगरला पाठवलं. तापाच्या सातव्या दिवशी आजाराचं नाव कळलं. ते नाव होतं कावासाकी.

"मोटारसायकलचं नाव आहे हे!" तुम्ही लगेच म्हणाल. बाळूच्या वडिलांनाही तसंच वाटलं होतं. पण या आजाराचा त्या गाडीशी काही संबंध नाही. हे एका जपानी डॉक्टरांचं आडनाव आहे.

डॉ. तोमिसाकू कावासाकी हे तोक्योच्या रेडक्रॉस रुग्णालयात लहान मुलांचे डॉक्टर होते. १९६१ सालच्या जानेवारीत त्यांच्याकडे चार वर्षांचा एक मुलगा आला. ताप, पुरळ, लाल डोळे, फुटलेले ओठ. त्यांनी पुस्तकं चाळली, पण कोणत्याच आजाराशी हे मेळ खाईना. मुलगा बरा होऊन घरी गेला. दुसऱ्या एखाद्या डॉक्टरांनी ते प्रकरण तिथंच मिटवलं असतं. कावासाकींनी मात्र टिपण जपून ठेवलं. पुढच्या वर्षी तशीच लक्षणं असलेलं आणखी एक मूल आलं आणि त्यांना पहिला मुलगा आठवला. मग ते अशा मुलांची नोंद ठेवत गेले. १९६७ साली त्यांनी पन्नास मुलांची माहिती एकत्र करून प्रसिद्ध केली. सुरुवातीला काही जाणत्या डॉक्टरांना हा नवा आजार आहे हेच पटत नव्हतं. स्वतः कावासाकींनाही तेव्हा वाटत होतं, की हा ताप आपला आपण बरा होतो, मागे काही राहत नाही.

१९७० मध्ये जपानभर पाहणी झाली तेव्हा वेगळंच समोर आलं. ताप उतरून बरी वाटणारी काही मुलं अचानक दगावली होती. आणि दोष सापडला तो हृदयाच्या रक्तवाहिन्यांत.

आता थोडं विज्ञान. कंटाळू नका, सोपं करून सांगते.

आपलं हृदय दिवसाला सुमारे एक लाख वेळा धडधडतं. सगळ्या शरीराला रक्त पुरवणाऱ्या या हृदयालाही स्वतःसाठी रक्त लागतं. ते आणून देणाऱ्या खास रक्तवाहिन्या हृदयाच्याच अंगावरून गेलेल्या असतात. लहान मुलाच्या या वाहिन्या किती जाड असतात ठाऊक आहे? जेमतेम दोन-तीन मिलिमीटर, म्हणजे तुमच्या पेनातल्या रिफिलएवढ्या! कावासाकीच्या आजारात शरीरातल्या रक्तवाहिन्यांच्या भिंतींना सूज येते. ओठ, डोळे, हात, पाय यांच्यावर जे दिसतं ते वरवरचं असतं, चार दिवसांनी जातं. पण तीच सूज हृदयाच्या या बारीक वाहिन्यांत शिरली तर भिंत कमजोर होते आणि तिथं फुगवटा येतो.

तुमच्यापैकी ज्यांच्या शेतात ठिबक आहे त्यांना हे चटकन कळेल. ठिबकची नळी एका जागी मऊ पडून फुगली, की काय होतं? पाणी तिथं रेंगाळतं. रेंगाळलं की गाळ बसतो. गाळ पुढं सरकून नळी तुंबली, की पुढची झाडं सुकतात. हृदयाच्या वाहिनीत फुगवटा आला, की रक्त तिथं रेंगाळतं आणि गाळाऐवजी रक्ताची गुठळी होते. गुठळीनं वाट अडवली, की हृदयाच्या तेवढ्या भागाला रक्त मिळत नाही. हार्ट अटॅक म्हणतात तो हाच. "मॅडम, हार्ट अटॅक तर म्हाताऱ्यांना येतो ना?" असं मला वर्गात एकीनं विचारलं होतं. बहुधा मोठ्यांनाच येतो, बाळ. पण या आजारातला फुगवटा लहान वयातही तो आणू शकतो. म्हणूनच डॉक्टर याच्याबाबतीत एवढी घाई करतात.

हा आजार बहुतेक करून पाच वर्षांखालच्या मुलांना होतो. मुलींपेक्षा मुलांना थोडा जास्त होतो. तो एकापासून दुसऱ्याला लागत नाही. तो कशामुळे होतो, याचं नेमकं कारण डॉक्टरांना अजून सापडलेलं नाही. एखाद्या जंतूमुळे शरीराची संरक्षक फौज चेकाळते आणि आपल्याच रक्तवाहिन्यांवर उलटते, असा त्यांचा अंदाज आहे. तेव्हा कोणी आई-बाबांनी 'आमचंच काही चुकलं' असं मनाला लावून घेऊ नये.

यावर औषध आहे, आणि ते कुठून येतं हे ऐकून तुम्हांला नवल वाटेल. त्याचं नाव इम्युनोग्लोब्युलिन. हजारो माणसांनी दिलेल्या रक्तातला पिवळसर द्रव वेगळा काढून, त्यातली रोगाशी लढणारी द्रव्यं गोळा करून ते तयार करतात. १९८४ मध्ये जपानमधल्या आणि १९८६ मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी दाखवून दिलं, की हे औषध दिलं तर हृदयाच्या वाहिन्या वाचतात. औषध न मिळालेल्या दर चार मुलांपैकी साधारण एकाच्या वाहिनीत बिघाड होतो. वेळेवर औषध मिळालं तर हेच प्रमाण शंभरात चार-पाचांवर येतं. वेळेवर म्हणजे केव्हा? ताप सुरू झाल्यापासून दहा दिवसांच्या आत. किलोमागे दोन ग्रॅम असा हिशेब असतो. बाळूचं वजन तेव्हा पंधरा किलो होतं. करा पाहू तोंडी गणित! बरोबर, तीस ग्रॅम. रात्रभर थेंबथेंब ते त्याच्या शिरेतून गेलं. सकाळी ताप उतरला होता आणि बाळूनं बिस्कीट मागितलं. ती रात्र आठवली, की त्याच्या आईच्या डोळ्यांत अजून पाणी येतं. ज्यांनी रक्त दिलं त्यांना राजूर कुठं आहे हे ठाऊकही नसेल. गावात रक्तदान शिबिराचा फलक दिसला तर हे आठवा आणि घरातल्या मोठ्यांना जरूर सांगा.

पंधरा-वीस दिवसांनी बाळूच्या बोटांच्या टोकांची कातडी नखांपासून सोलून निघाली. कावासाकीच्या आजारात असं पुष्कळदा होतं. त्याच्या हृदयाची सोनोग्राफी केली, तिला 'टू-डी एको' म्हणतात, तेव्हा एक वाहिनी किंचित फुगलेली दिसली. रोज ॲस्पिरिनची छोटी गोळी सुरू झाली. (एक सांगून ठेवते. ही गोळी लहान मुलांना एरवी तापात देत नाहीत. या आजारात डॉक्टर विचार करून देतात. आपण मनानं कधीच द्यायची नाही.) वर्षभरानं पाहिलं तर ती वाहिनी पुन्हा पूर्वीच्या आकाराला आली होती. असं पुष्कळ मुलांचं होतं. निम्म्याहून अधिक फुगवटे एक-दोन वर्षांत आपोआप ओसरतात.

मी बाळूच्या आईला म्हटलं, "ताई, फाइल दाखवता का जरा?" तिनं फाइल माझ्यापुढं ठेवली. कागद सगळे इंग्रजीत. तिनं ते प्राणापलीकडं जपले होते, पण त्यांत काय लिहिलंय ते तिला वाचून कोणी दाखवलं नव्हतं. मी एकेक कागद मराठीत सांगू लागले. शेवटच्या कागदावर हृदयरोगतज्ज्ञांनी लिहिलं होतं : वाहिन्यांचा आकार आता सामान्य, गोळी बंद, खेळण्या-पळण्यावर बंधन नाही, ठरल्या वेळी तपासणीला आणावे.

"खरंच लिहिलंय, मॅडम? पळायला?" तिनं तीनदा विचारलं. मी त्या ओळीखाली बोट ठेवून पुन्हा वाचलं. तरी माझ्या शब्दावर जाऊ नका, असंही सांगितलं. पुढच्या तपासणीला तिनं डॉक्टरांना तोंडी विचारलं. ते हसून म्हणाले, "पळू द्या की! हृदयाला पळणं चांगलंच असतं." त्यानंतरच्या सोमवारी बाळू खो-खोच्या पाटीवर उकिडवा बसला. पहिल्याच डावात बाद झाला आणि दुसऱ्या डावासाठी भांडू लागला. पारावरच्या चपला आता ज्याच्या त्यानं सांभाळाव्यात!

पण मुलांनो, प्रत्येकाचं बाळूसारखंच असतं असं नाही. एखाद्याचा फुगवटा मोठा असतो, आठ मिलिमीटर किंवा त्याहूनही जास्त. त्याला रक्त पातळ ठेवणारं औषध अनेक वर्षं घ्यावं लागतं, जन्मभर तपासण्या कराव्या लागतात. त्यानं कबड्डीसारखा धक्काबुक्कीचा खेळ खेळू नये असं डॉक्टर सांगतात, कारण रक्त पातळ असलं की मार लागल्यावर ते लवकर थांबत नाही. असा मित्र तुमच्या वर्गात असेल तर त्याला 'चपलावाला' करू नका. त्याला पंच करा, गुणलेखक करा, कॅरमच्या डावात घ्या. कोणी पळायचं आणि कोणी नाही, हे त्याच्या डॉक्टरांनी ठरवायचं. ते आपल्या भीतीनं ठरू नये, आणि आपल्या हौसेनंही नाही.

आणि ज्याच्या वाहिन्यांना कधीच काही झालं नाही, त्याचं काय? त्यानं बिनघोर राहावं, इतरांसारखंच खेळावं-शिकावं. फक्त डॉक्टर सांगतील तेवढ्या तपासण्या चुकवू नयेत.

आता माझ्या मनात घोळणारी गोष्ट सांगते. आमच्या शाळेत जनरल रजिस्टर असतं. तुमच्याही शाळेत आहे. त्यात प्रत्येक मुलाचं नाव, जन्मतारीख, शाळेत दाखल केल्याचा दिवस लिहिलेला असतो. पन्नास वर्षांपूर्वी शाळा सोडून गेलेले आजोबा दाखल्यासाठी येतात आणि आम्ही जुनं रजिस्टर काढून त्यांची जन्मतारीख सांगतो. शाळा विसरत नाही. पण त्या आजोबांना चार वर्षांचे असताना कोणता ताप आला होता, हे कोणत्याही रजिस्टरात नसतं. ते फक्त त्यांच्या आईला ठाऊक होतं, आणि आई आता नाही.

समजा, असाच एक मुलगा तीस वर्षांचा झाला. नोकरीसाठी पुण्याला गेला. एक दिवस छातीत दुखलं. डॉक्टर विचारतील, तंबाखू खाता का, साखर आहे का, रक्तदाब आहे का? तो म्हणेल, नाही. खरंच नसेल. लहानपणी आलेला तो ताप त्याला आठवणार नाही, कारण तेव्हा तो तीन वर्षांचा होता. तरुण वयात हृदयविकार झालेल्या काही माणसांच्या तपासण्यांत लहानपणच्या कावासाकीच्या खुणा सापडल्या आहेत, असे अनुभव डॉक्टरांनी जगभर लिहून ठेवलेत. त्या तापाचा एक कागद जवळ असता तर योग्य तपासणी किती आधी झाली असती!

हा आजार दूर जपानातलाच आहे असंही समजू नका. भारतात त्याची पहिली नोंद १९७७ मध्ये प्रसिद्ध झाली. चंदीगडच्या पीजीआय या मोठ्या संस्थेतले डॉक्टर १९९० नंतरच्या काळापासून अशा मुलांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवून आहेत. आणि कोविडची साथ तुम्हांला आठवते ना? २०२० च्या उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात मुंबईतल्या काही मुलांना कोविड होऊन गेल्यावर दोन-चार आठवड्यांनी जोराचा ताप, पुरळ, लाल डोळे, पोटदुखी असा त्रास सुरू झाला. तिथल्या चार मोठ्या रुग्णालयांच्या डॉक्टरांनी अशा २३ मुलांची माहिती लिहून ठेवली. हा आजार कावासाकीचा सख्खा भाऊ शोभावा असा होता, पण होता वेगळा. डॉक्टरांना तो चटकन ओळखता आला, त्याला एक कारण हेही होतं, की साठ वर्षांपूर्वी एका माणसानं पहिल्या मुलाचं टिपण फेकून दिलं नव्हतं. त्याच वर्षी, २०२० च्या जूनमध्ये, डॉ. कावासाकी पंचाण्णव वर्षांचे होऊन वारले.

पालकहो, आपल्यासाठी चार गोष्टी. लहान मुलाचा जोराचा ताप पाच दिवस हटत नसेल आणि सोबत लाल डोळे, फुटलेले ओठ, लालभडक जीभ, पुरळ, सुजलेले हातपाय किंवा मानेला गाठ यांपैकी काही दिसत असेल, तर बालरोगतज्ज्ञांकडं जा. ताप सहावा दिवस पाहणार, अशी वाट पाहू नका. सगळी लक्षणं एकाच दिवशी दिसतीलच असं नाही. परवा डोळे लाल होते आणि आज ते निवळले, तर तेही डॉक्टरांना सांगा. तारखा लिहून ठेवल्या तर फारच छान, आणि हल्ली मोबाइलवर फोटोही काढून ठेवता येतो. इम्युनोग्लोब्युलिन दिलेल्या मुलाची गोवर आणि कांजिण्यांची लस काही महिने पुढं ढकलावी लागते, म्हणून लस देणाऱ्या ताईंना हे आठवणीनं सांगा. ॲस्पिरिन चालू असताना घरात कुणाला कांजिण्या किंवा फ्लू झाला, तर डॉक्टरांना लगेच कळवा.

आणि मुलांनो, तुमच्यासाठी एक गृहपाठ. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये सुरू झाला. त्यातलं आरोग्य पथक शाळेत येऊन तुम्हांला तपासतं. "पूर्वी काही मोठा आजार झाला होता का?" असं डॉक्टर विचारतात तेव्हा तुम्ही सगळे एका सुरात "नाही" म्हणता. तुम्हांला खरंच ठाऊक असतं का? आज रात्री जेवताना आईला, बाबांना, आजीला विचारा. मी लहान असताना मला कोणकोणते आजार झाले? दवाखान्यात ठेवलं होतं का? कागद कुठं आहेत? मग शंभर पानी वहीचं एक पान घ्या आणि वर आपलं नाव घालून हे सगळं लिहून काढा. ज्याच्याकडं फाइल असेल त्यानं ती कुठं ठेवली आहे तेही लिहा.

बाळू आता तिसरीत गेला आहे. मागच्या महिन्यात त्यानं अशी वही केली. पहिल्या पानावर त्यानं आजाराचं नाव लिहिलं. 'कावासाकी' लिहिताना एक काना विसरला होता, तो मी लाल पेनानं दिला. बाकी सगळं बरोबर होतं. तुमची वही तुम्ही बाईंना, सरांना दाखवा. ते तपासतील.